बाई बसली

नवऱ्याची बदली अकोल्याला झाली, तेव्हा मी अमरावतीच्या खासगी शाळेतली नोकरी सोडली आणि घरी बसून भाषांतराचं काम करायचं ठरवलं. भाषांतर म्हटलं की लोकांना कथा-कादंबऱ्या आठवतात. माझं काम त्यातलं नाही. फवारणीचे पंप, कडबाकुट्टीची यंत्रं, मिक्सर, पाण्याच्या मोटारी यांच्या खोक्यात घडी घातलेली जी पत्रकं येतात आणि जी सहसा कोणी वाचत नाही, ती मी मराठीत करते. हल्ली कंपन्या ती आधी मशीनकडून करून घेतात आणि माझ्याकडे दुरुस्तीला पाठवतात. 'यंत्र सुरू असताना त्याला हाताने खाऊ घालू नये' असं काही आलं की मी त्याचं 'चालू यंत्रात हाताने कडबा सारू नये' असं करते. काम बरं आहे. फक्त ते करायला बसावं लागतं.

तेच मला जमत नव्हतं.

शाळेत घंटा होती, मुख्याध्यापिका होत्या, वर्गभर पोरं होती. कामाला लागायचं की नाही, हा प्रश्नच तिथे नसायचा. इथे नवरा डबा घेऊन बँकेत गेला की घर माझं आणि दिवसही माझा. असा मोकळा दिवस हातात आल्यावर तो कुठून धरायचा हेच मला कळेना. आधी ओटा पुसून घेऊ, मग बसू. मेथी निवडून ठेवू, म्हणजे संध्याकाळी डोक्याला ताप नको. टेबलावरची धूळ झाडू. मग बहिणीचा फोन, बहिणीचं झालं की कोणी कोणी पाठवलेले व्हिडिओ, मग जेवण. जेवल्यावर डोळ्यांवर झापड. अकोल्याची दुपार माणसाला बसल्या जागी गिळते. गल्लीत कुत्रं दिसत नाही, कोणाच्या घरात भांडं वाजत नाही. आपणच तेवढे उरलोय की काय असं वाटावं, इतकं सगळं गप्प होतं. जाग यावी तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं असे आणि नवऱ्याची गाडी फाटकाशी.

"झालं का काम?" तो विचारी.

"होऊन राह्यलं," मी म्हणे.

इंदूरची एक मुलगी ही कामं वाटायची. तिचा फोन आला की मी "बस, भेज ही रही हूँ" म्हणायची आणि तोवर फाइल उघडलेलीही नसायची. एकदा तिनं फोन केलाच नाही. मोटारीचं मोठं पत्रक दुसऱ्या कोणाकडे गेल्याचं मला नंतर कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. काम गेल्याची नव्हे. आपण दिवसभर या घरात असतो, दाराला आतून कडी असते, आणि तरी संध्याकाळी पाहावं तर इथे दिवसभर कोणी होतं याची काही खूणच नसते, याची.

आम्ही घेतलेलं घर म्हणजे एका लांबलचक घराचा अर्धा भाग. घरमालकानं मधोमध एका विटेची भिंत घालून दोन बिऱ्हाडं केली होती. आमचं दार पुढच्या गल्लीत, दुसऱ्या बिऱ्हाडाचं मागच्या गल्लीत. त्यामुळे भिंत एक असूनही शेजार नव्हता. त्यांच्या दारापर्यंत जायचं तर घरांच्या अख्ख्या रांगेला वळसा घालून, पिठाच्या गिरणीपाशी वळून जावं लागे. मी कधी गेले नव्हते. आमची मागची खोली मी कामाला घेतली. त्या मधल्या भिंतीला लावून टेबल ठेवलं आणि एक लोखंडी खुर्ची. तिच्या पायांचे रबर झिजून गेलेले, त्यामुळे ओढली की ती फरशीवर किंचाळायची.

संक्रांत उलटून गेली होती. एका सकाळी मी खुर्ची ओढून बसले आणि लगेच आठवलं, दूध उघडंच राहिलंय. उठून दूध झाकलं. आलोच आहोत तर म्हणून डबे पुसायला घेतले. तेव्हा मागच्या खोलीकडून आवाज आला.

टक.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक.

लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा आवाज. घाईचा नव्हता. कोणी काहीतरी उचलतंय, जपून नेतंय आणि नेमक्या जागी ठेवतंय, असा. मी ओलं फडकं हातात घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले. आवाज भिंतीपलीकडून येत होता, अगदी माझ्या टेबलाला लागून. पलीकडे कोणीतरी कामाला बसलं होतं आणि मी चकचकीत डबे पुसत होते. मला शरम वाटली. फडकं ठेवलं आणि बसले.

त्या दिवशी जेवणाआधी कडबाकुट्टीचं अर्धं पत्रक झालं.

मग रोज तसंच होऊ लागलं. नवरा गेला, मी मागच्या खोलीत आले, की टकटक. तो आवाज मध्येच थांबे. तो थांबला की मी उठून पाणी पिऊन येई, सुरू झाला की परत बसे. मोबाईल मी पुढच्या खोलीतल्या कपाटात ठेवू लागले. आज अख्खं पत्रक संपवायचं, असं म्हणणं सोडून दिलं. एका बैठकीत फक्त सुरक्षेच्या सूचना. दुसऱ्या बैठकीत जोडणी. दुपारी, झोप गळ्याशी यायच्या वेळी, 'बिघाड आणि उपाय', कारण त्यात छोटी छोटी वाक्यं असतात. पलीकडचा आवाज चालू आहे तोवर हात थांबवायचा नाही, एवढा एकच नियम. असल्या गोष्टींवरची पुस्तकं मी पूर्वी विकत घेतली होती आणि वाचायची राहून गेली होती. ते सगळं या टकटकीनं आपोआप शिकवलं.

पलीकडे काय चालत असेल, याचा मी विचार करी. लाकडी खेळणी? चौकटी? मनात मी तिथे एक बाई बसवली होती, माझ्याच वयाची, घरून काम करणारी, माझ्यापेक्षा शिस्तीची. शिस्तीची अशासाठी की पुष्कळदा मी खोलीच्या उंबऱ्यातच असे, खुर्चीला हातही लावलेला नसे, आणि पलीकडे सुरुवात झालेली असे. बघ, मी मनात म्हणे, ती आधी बसली.

इंदूरची मुलगी खूश झाली. कामं वाढली. मी नवऱ्याला आवाजाचं सांगितलं तर तो हसला.

"कोनता आवाज? मले तं रविवारी कधीच नाई आला."

"रविवारी सुट्टी असन त्याइले."

"कोनाले?"

ते मलाही माहीत नव्हतं.

पुढे ऊन तापायला लागलं तेव्हा घरमालक कूलरची चौकट बसवून द्यायला आला. मी सहज विचारलं, "भाऊ, पल्याड लाकडाचं काम करतात का हो?"

"लाकडाचं?" तो खिडकीत खिळे ठोकत होता. "नाई बा. नवरा-बायको हायत दोघं. तो ट्रकवर असते, ते दालमिलमध्ये जाते. दिवसभर कुलूप रायते तठी."

"दिवसा कोणीच नसतं?"

"कोन असन? लेकरंबाळं नाईत त्याइले."

त्यानं पुढचा खिळा ठोकला.

एक सांगायला हवं. आमच्या माहेरी देव नव्हते, तसं भूतही नव्हतं. वडील सरकारी नोकरीत होते आणि कट्टर बुद्धिवादी. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा घराबाहेर गेला, त्याच्यासोबत भुतं, चेटूक, दृष्ट, अमावास्या सगळं गेलं, असं ते आम्हाला सांगत. ज्याचं कारण सापडत नाही त्याचं कारण अजून सापडायचं आहे, एवढंच समजा, म्हणत. त्यामुळे भ्यायची वेळ आली तर काय म्हणून भ्यावं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर टकटक पुन्हा सुरू झाली, तशी मी पायात चपला घातल्या. कारण शोधायला निघाले. भर दुपार होती. रांगेला वळसा घालून, गिरणीपाशी वळून मागच्या गल्लीत गेले. गिरणी बंद होती. सगळी दारं लावलेली, उन्हानं रस्ता पांढराफटक दिसत होता. आमच्या घराच्या पाठीचं दार मी अंदाजानं ओळखलं. निळं लाकडी दार. त्याला बाहेरून कुलूप होतं, मोठं, पितळी.

आणि आत टकटक चालू होती.

इतक्या जवळून ती मी कधी ऐकली नव्हती. प्रत्येक टकच्या आधी एक घरघर होती, श्वासासारखी. मी कुलपाला हात लावला. ते इतकं तापलं होतं की बोटं भाजली.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

आवाज थांबला.

मग काहीतरी घासत, सरकत दाराकडे येऊ लागलं. हळूहळू, थांबत थांबत. दारापर्यंत आलं. आणि दाराच्या आतल्या बाजूनं, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एकदाच वाजलं. टक.

मी पळाले. चाळिशीची बाई भर उन्हात चपला हातात घेऊन पळतेय, हे पाहायला गल्लीत कोणी नव्हतं, हे बरं झालं. घरी येऊन मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "आता जाऊन विचारू," तो म्हणाला. मी म्हटलं, नको, उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. मागच्या खोलीचं दार मी उघडलंच नाही. लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला, पण तिथे मेथी होती, डबे होते, ओटा होता. फोनही कपाटातून बाहेर आला. भ्यायला कारण मिळालं आणि त्याच्या आडोशानं माझं जुनं आयुष्य निवांत परत आलं. बंद दाराआडून मात्र टकटक ऐकू येई, पूर्वीच्याच वेळेला. मी बसो की न बसो, तिला काही फरक पडलेला नव्हता.

असे चार-पाच दिवस गेले. एका संध्याकाळी दारात एक बाई उभी होती. तिच्या पदराला, केसांना डाळीचा पिवळा भुसा लागलेला.

"ताई, तुमी बिमार हाय का?" तिनं विचारलं.

"नाही. का?"

"आमी तुमच्या मांगं रायतो. मामाजी म्हनते, बाई बसून नाई राह्यली. चार दिवसापासून एकच म्हनून राह्यले. म्हटलं जाऊन पाहावं."

मामाजी म्हणजे तिचे सासरे. मी तिला आत घेतलं, आणि मग सगळं उलगडलं.

म्हातारे बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात राहत. तिथे त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लेकानं त्यांना दिवाळीनंतर अकोल्याला आणलं. घरमालकाला सांगितलं नव्हतं, बिमार माणूस म्हणून खोली सोडायला लावेल या धाकानं. दोघंही दिवसभर कामावर. सुरुवातीला दार उघडं ठेवायचे, पण म्हातारे सरकत सरकत रस्त्यावर गेले आणि एका दुचाकीखाली येता येता वाचले. तेव्हापासून कुलूप.

"मले चांगलं नाई वाटत, ताई," ती म्हणाली. "पन करू काय?"

डॉक्टरांनी त्यांना हाताच्या व्यायामासाठी एक लाकडी पाट दिला होता. पाटाला भोकं आणि सोबत लाकडी खुंट्या. लुळ्या हातानं एक एक खुंटी उचलायची आणि भोकात बसवायची. सगळ्या बसल्या की काढायच्या आणि पुन्हा. "पयले हातच नाई लावत होते," सून म्हणाली. "मी म्हनो, मामाजी, करा. ते हात हालवत, उद्या. डाक्टर म्हने करा, त्यालेही उद्या. आन् एक दिवस घरी आल्यावर पाहतो तं समद्या खुंट्या लावेल. मी म्हटलं, कसं काय? तं भिंतीकडं बोट दाखवलं. दोनच शब्द बोलता येत होते तवा. बाई, आन् बसली. बाई बसली. तुमची खुर्ची वाजली का ते पाट घेत."

मी तिच्यासोबत मागच्या गल्लीत गेले. म्हातारे भिंतीला लागून, जमिनीवर गादी टाकून बसले होते. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली, डोळे मात्र टवटवीत. मला पाहून त्यांनी चांगला हात कपाळाला लावला. "बाई," ते म्हणाले.

त्या दिवशी मीच तुमच्या दाराशी आले होते, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. ते भेटायला दारापर्यंत आले होते. हातातली खुंटी त्यांनी दारावर वाजवली होती, बोलता येत नव्हतं म्हणून. मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी दोन बोटं वर केली. एक मिटलं. माझ्याकडे बोट केलं, भिंतीकडे केलं, पुन्हा दोन बोटं.

"हे असं रोज करते," सून म्हणाली. "काय म्हनते काय मालूम."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा बसू लागले. कुलपाची एक किल्ली सुनेनं माझ्याकडे ठेवली. दुपारी मी वळसा घालून जाई, त्यांना ताक देई, थोडा वेळ दार उघडं टाकून बसे. त्यांना उन्हाकडे पाहायला आवडे. कारण सापडलं होतं. अमरावतीला फोन करून वडिलांना ही सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, पाहिलं?

मे महिन्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. नवऱ्यानं रजा काढली आणि आम्ही दोघंही अमरावतीला गेलो. किल्ली सुनेकडे देऊन गेले. आईच्या डोळ्यात वेळेवर औषध घालणं, आल्यागेल्यांचं करणं, यात दिवस गेले. लॅपटॉप नेला होता, तो उघडला नाही. म्हाताऱ्यांचे खुंट्यांचे दिवस बुडत असतील, याची मात्र रुखरुख होती.

परत आलो त्या संध्याकाळी सून भेटायला आली.

"आईचा डोळा कसा हाय?"

"चांगला आहे. मामाजी कसे आहेत? केलं का काही आम्ही नव्हतो तर?"

"एक दिवस नाई चुकवला," ती म्हणाली. "रोज म्हनत, बाई बसली. मी म्हनो, मामाजी, ताई गावाले गेल्या. तं मान हालवत, नाई, बसली. मले वाटलं साहेब असतीन घरी."

"साहेब माझ्याबरोबरच होते."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मग हळूच म्हणाली, "एक दिवस मले सुट्टी होती, ताई. मी घरी होती. मलेही आला आवाज."

"कसला?"

"खुर्ची वढल्याचा."

स्वयंपाकघरात नवरा नळ सोडून तोंड धूत होता, ते पाणी मोठ्यानं वाजत होतं. ती "येतो" म्हणून निघून गेली आणि मी मागच्या खोलीत जाऊन दिवा लावला. खुर्ची टेबलापासून दूर सरकवलेली होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. जाताना मी ती आत सरकवली होती की नाही, ते आठवेना. खरंच आठवेना. बैठकीवर हात ठेवला तर ती गरम लागली. पण मे महिन्यात अकोल्याच्या बंद घरात काय गरम लागत नाही?

मी वडिलांना या वेळी फोन केला नाही.

पेरणीच्या आधी म्हातारे हट्टानं गावी गेले. काठी टेकत, लेकाच्या आधारानं गाडीत बसले. शब्दही थोडे थोडे परत येऊ लागले होते. त्यानंतर भिंत गप्प झाली. मला वाटलं होतं, आता माझं काही खरं नाही, टकटक गेली तशी शिस्तही जाईल. पण तसं झालं नाही. मी रोज बसत राहिले. फक्त एक वेगळंच जाणवू लागलं. सकाळी मागच्या खोलीत पाऊल टाकलं की वाटे, इथे काम आधीच सुरू आहे. कोणाच्या तरी बैठकीत आपण मध्येच शिरतोय. असं वाटणं काही क्षणच टिकायचं. मग मी खुर्ची ओढायची आणि ते जायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका रविवारी आम्ही म्हाताऱ्यांना भेटायला गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. आता बरंच बोलत होते, शब्द शोधत, मध्ये थांबत. नवऱ्यानं तब्येतीचं विचारलं. त्यांनी उजव्या हातानं पेला उचलून दाखवला. हात थरथरत होता, पण पाणी सांडलं नाही.

"तुमच्यानं झालं, बाई," ते मला म्हणाले. "मी पडून होतो. मनात म्हटलं, पल्याड कोनी रोज बसते, आपन काहून पडून राहावं?"

"माझं तर उलट आहे, बाबा," मी म्हटलं. "मी तुमचा आवाज ऐकून बसत होते. पुष्कळदा तर मी खोलीत यायच्या आतच तुमचं सुरू असायचं."

त्यांनी पेला बाजेखाली ठेवला.

"तुमची खुर्ची मंगून वाजे," ते म्हणाले. "तुमी खर्रकन वढता. पयले एक हळू वढे. उचलून ठेवल्यावानी. मी त्याच्यावर सुरू करत होतो. तुमी मंगून येत होत्या."

वाड्यावस्त्यांवर दुपारी असते तशी शांतता होती. कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटी एकदा हलली. मला त्यांची ती दोन बोटं आठवली, आणि मिटलेलं एक.

"आमी अमरावतीले होतो तवा?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"तवा ते एकटीच होती. एकटी होती तं जास्त वेळ बसे."

"कोण, बाबा?" मी म्हटलं. "कोण होती?"

"मले काय मालूम?" म्हातारे खरोखर नवल वाटून म्हणाले. "तुमच्याच घरात होती ना ते."

आमच्या वऱ्हाडीत बाईलाही 'ते' म्हणतात, आणि नुसतं 'ते' म्हणजे काहीही. मी पुढे विचारलं नाही. त्यांना भ्याल्यासारखं काही वाटतही नव्हतं. त्यांनी सुनेची चौकशी केली, आम्हाला जेवायचा आग्रह केला, पिशवीभर शेंगा बांधून दिल्या. निघताना मी एवढंच विचारलं, ती काही बोलायची का.

"नाई," ते म्हणाले. "काम करे."

परत येताना बार्शीटाकळी मागे पडलं, तसा नवरा गाडीचा वेग कमी करून म्हणाला, "दुसरं घर पाहू का? दोन-तीन खोल्या हायत लक्षात."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती. वेचलेली बोंडं काळी पडली होती, न वेचलेली पांढरी. मला भीती वाटत होती, ते खोटं कशाला सांगू? पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर, आपल्या आधी कोणी बसतं, आपण नसलो तर जास्त वेळ बसतं आणि हळू, नीट काम करतं, या गोष्टीचा मला राग आला होता. मत्सरच म्हणा. ज्या दिवसांची कधी कोणतीच खूण उरत नव्हती, ते माझे सगळे दिवस कोणी वापरले असतील का, असं मनात येत होतं. घरमालकाला विचारावं, आधी तिथे कोण राहत होतं? तेही मी कधी विचारलं नाही. सांगितलंच त्यानं काही, तर त्याचं मी काय करणार होते?

"नको," मी शेवटी म्हटलं. "स्प्रेयरचं पत्रक द्यायचं आहे उद्या. आता हलवाहलव नको."

त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग गाडीचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अंघोळीला गेला होता. गॅसवरचा चहा मी कपात ओतला, आणि रोजच्यासारखी ओट्याशी उभी न राहता कप तसाच हातात घेऊन मागच्या खोलीत गेले. बाहेर नुकतं उजाडत होतं. खोली रिकामी होती, निव्वळ खोली, मी येण्याआधी काहीही सुरू न झालेली. मी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, आवाज न करता ठेवली आणि बसले. 'टाकी भरल्यावर झाकण घट्ट लावल्याची खात्री करावी,' हे पहिलं वाक्य लिहून झालं तेव्हा चहा अजून गरम होता.

आम्ही अजून त्याच घरात आहोत. सकाळचा चहा मी टेबलावरच पिते.